जुनं पान काढा, हे लावा

संपतला राग यायला कारण लागत न्हाई, असं जालन्याच्या त्या कचेरीत सगळे म्हणायचे. ते खोटं व्हतं. कारण लागायचं, आणि ते रोज सकाळी भुजंगच्या टेबलावर तयार असायचं.

कचेरी म्हणजे बियाणाच्या दुकानावरचा मजला. खाली सरकीच्या थैल्या आणि फवाऱ्याच्या औषधाचा वास, वर काकासाहेबांची कंपनी. कंपनीच्या मालाचं नाव ‘पाया’. पाया म्हणजे तयार प्रोग्राम न्हवं, प्रोग्राम बांधायचं सामान. साखर कारखाने, बाजार समित्या, दूध संघ ते सामान घ्यायचे आणि त्यांच्याकडची माणसं त्यावर आपापला प्रोग्राम उभा करायची. कुणी उसाच्या नोंदीचा, कुणी आडतीचा. आता विटा दिल्या, सिमेंट दिलं, तरी काय कुठं बसतं हे सांगायला कुणीतरी पाहिजेच. ते संपत सांगायचा. कोणती आज्ञा काय करते, तिला काय द्यायचं, ती परत काय देते, हे एकेका पानावर, शेतात उभं राहून बोलावं तसल्या मराठीत.

पानं सुटी, कड्यांच्या फायलीत अडकवलेली. पाया बदलला की पान बदलायचं, आणि नवं पान एस.टी.च्या पार्सलनं गावोगाव धाडायचं. वर ठसठशीत लिहिलेलं असायचं, ‘जुनं पान काढा, फाडा, हे लावा.’ त्यातलं ‘फाडा’ संपतनं भांडून घातलेलं. लोक जुनं पान टाकत न्हाईत, मागं अडकवून ठेवतात आणि हंगाम आला की नेमकं तेच वाचतात, हे त्याला पक्कं म्हाईत व्हतं.

माणूस तीर्थपुरीच्या पलीकडचा, खेड्यातला. एक्क्याऐंशीला दहावी झाला, अंबडला टायपिंग शिकला, आणि कचेऱ्या-कचेऱ्यांत टाइपरायटर बडवत कॉम्प्युटरपर्यंत येऊन पोचला. भुजंग औरंगाबादेहून इंजिनियर होऊन आलेला. पायाचा खरा कारागीर तोच. डोक्यानं लई तेज, पण आपण काय बदललं ते दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. मागं लागून लागून संपत त्याच्याकडून कागदावर चार ओळी घ्यायचा, आणि त्यातही ‘वगैरे’ दिसलं की पेटायचा.

“वगैरे म्हंजे काय रे भुजंग? तुला म्हाईत न्हाई ते, का मला सांगायचं न्हाई ते?”

“कोडात लिहिलंय की सगळं, संपतराव.”

“कारखान्यातला माणूस तुझा कोड वाचून राह्यला का माझं पान?”

भुजंग हसायचा. हसला की संपत आणखी तापायचा. घरी बेबीनंदा, त्याची बायको, त्याच्या हातातून पितळी काढून घ्यायची आणि म्हणायची, “त्या भुजंगाचा राग माझ्या भांड्यावर नका काढू. पोचा पडला तर भुजंग येणार हाय का ठोकून द्यायला?”

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात, ऐन गाळपात, एका शुक्रवारी गोदावरीपल्याडच्या एका कारखान्यातून फोन आला. बोलणारा रामराव. तिथला प्रोग्राम त्यानंच पायावर बांधला होता.

“संपतराव, तारखेच्या पानावर तुमचंच नाव हाय ना? आधी दिवस, मंग महिना, असं लिहिलंय तुम्ही.”

“लिहिलंय. बराबर हाय.”

“घंटा बराबर हाय. मला घरी बसवलंय.”

झालं होतं असं. कारखान्याचा नियम सरळ असतो, जो ऊस आधी लावला तो आधी तोडायचा. रामरावाचा प्रोग्राम लागवडीच्या तारखा बघून तोडीचा क्रम लावायचा. दिवाळीनंतर कंपनीनं पायाची नवी सीडी धाडली, त्यात भुजंगनं तारखेची आज्ञा उलटी केली. आधी महिना, मंग दिवस. नव्या मशिनी तशाच येतात म्हणे. संपतला सांगितलं न्हाई. पाच जुलैला लावलेला ऊस कॉम्प्युटरनं सात मेचा धरला. सात मेचा ऊस पाच जुलैला ढकलला. बारा तारखेच्या पुढचं मात्र सगळं सरळ, कारण तेरावा महिना कॉम्प्युटरलाही सापडत न्हाई. त्यामुळं यादी वरवर ठीक दिसायची. फडात टोळ्या कोवळा ऊस तोडून राह्यल्या होत्या आणि पिकलेल्या उसाला तुरे येऊन त्याचं चिपाड व्हायला लागलं होतं. लोक कारखान्यावर चालून गेले. कारखान्यानं रामरावाला पुढं केलं. आता त्याची चौकशी लागली होती, आणि त्याच्यावर ठपका असा की ह्यानं माहितीपुस्तक नीट वाचलं न्हाई.

“मी वाचूनच मेलो की हो,” रामराव म्हणाला. “न वाचता केलं असतं तर कदाचित वाचलो असतो. तुम्ही नव्या सीडीवर करून बघितलं व्हतं का एकदा तरी?”

“न्हाई,” संपत म्हणाला. “मला बदललंय हेच म्हाईत नव्हतं.”

“मंग पानावर नाव कशाला टाकता?”

फोन आदळला. संपत उठला तो थेट भुजंगकडं गेला. खरंय का विचारलं. भुजंगनं मान खाली घालून सांगितलं, व्हय, सांगायचं राहून गेलं. संपतनं त्याच्या पुढ्यातला कागद चुरगाळला आणि काकासाहेबांच्या खोलीत घुसला. काकासाहेबांना आधीच कळलेलं होतं. त्यांनी उपायही काढून ठेवला होता.

“एक पान छाप. ‘तारखेचा क्रम वापरणाऱ्यानं स्वतः ठरवून घ्यावा.’ खाली तारीख टाक दिवाळीच्या आधीची. चौकशीला ते दाखवू. पान धाडलं व्हतं, त्या माणसानं लावलं न्हाई.”

“दिवाळीच्या आधी असलं पान नव्हतं.”

“आता व्हईल की.”

“रामरावाची नोकरी जाईल, साहेब.”

“त्याला दुसरी भेटंल. चार कारखाने सोडून गेले तर मला कुठले भेटतेत?” काकासाहेब खुर्चीत मागं रेलले, चांगलं हसले. “आणि तू एवढं अंगाला का लावून घेऊन राह्यला? तुमच्याकडं तर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम व्हतं. पाटलानं सांगायचं, तुम्ही वरडायचं. दवंडी काय दवंडीवाल्याची असती व्हय?”

दार उघडंच होतं. बाहेरचे कीबोर्ड थांबले. संपतचा हात टेबलाच्या कडेला घट्ट झाला. काकासाहेबांनी सोमवारची मुदत दिली. संपत तडक जिना उतरला. थांबला असता तर हात उचलला असता, हे त्याचं त्याला कळत होतं.

रविवारी तो गावाकडं गेला. बाप अप्पाराव दारात बाजेवर बसून दोरी वळत होता. धम्माच्या दीक्षेच्या आधी गावची दवंडी ह्याच अप्पारावाच्या गळ्यात होती. संपतनं सगळं सांगितलं, काकासाहेबाचं शेवटचं वाक्य सोडून. बापानं तेच नेमकं ओळखलं.

“दवंडी काढली आसंल त्यानं.”

“काढली.”

अप्पाराव दोरीला पीळ देत राह्यला. मंग म्हणाला, “एकदा पाटलानं मला वरडायला लावलं, गायरान परवापासून बंद. बंदी दोन दिस आधीची, आणि वरडायचं आज. मी वरडलो. तोवर ढोरं कोंडवाड्यात घालून झालती. ज्यांची ढोरं गेली ते काठ्या घेऊन आले.”

“पाटलाकडं?”

“पाटलाकडं कोण जातंय? माझ्याकडं आले. मी मार खाल्ला, आन पाटील वट्ट्यावर बसून पान खात बघत व्हता.”

“तू सांगितलं न्हाईस त्यांना? पाटलाचं नाव?”

“सांगितलं की. वाडा तर समोरच व्हता. एक बी माणूस तिकडं वळला न्हाई.” म्हातारा थुंकला. “दीक्षा घेतली त्या दिशी डफडं फोडून चुलीत घातलं. तुला शाळेत घातलं ते कुणाचं वरडायला न्हाई. आता मला काय विचारतो? जा, तुझं तू बघ.”

सोमवारी संपत कचेरीच्या जिन्यापाशी आला तर तिथं एक धिप्पाड माणूस उभा. तांबारलेले डोळे, काखेत कड्यांची फाईल. मागं त्याचे दोन पाव्हणे, बाह्या सारून.

“संपत कोण?”

“मी.”

रामरावानं त्याची कॉलर धरली. “उद्या माझी चौकशी हाय. तुझ्या पानानं माझं वाटोळं केलं, आणि आता कारखान्यात कळतंय की तुमची कंपनी दिवाळीच्या आधीचं दुसरंच पान दाखवणार. पैदा कुठून केलं रे ते?”

शिव्या घातल्या त्या घातल्याच. दुकानातले हमाल थैल्या खाली ठेवून बघत राह्यले. संपतनं हात उचलला न्हाई. शिव्या निम्म्या तरी बराबर होत्या. आंधळेपणानं पानावर नाव टाकलं ते त्यानंच.

मंग त्यानं रामरावाचं मनगट धरलं, कॉलर सोडवायला न्हवं. तसंच धरून तो जिना चढायला लागला.

“कुठं नेतो?”

“वाड्यावर,” संपत म्हणाला. “चला. पाव्हण्यांनाही घ्या.”

काकासाहेब नुकतेच देवाला उदबत्ती लावून बसले होते. चार माणसं आत शिरलेली बघून त्यांनी सवयीनं चहा सांगितला.

“चहा ऱ्हाऊ द्या,” संपत म्हणाला. “साहेब, हे रामराव. दिवाळीच्या आधीचं पान ह्यांच्यासाठीच छापायचं व्हतं. शुक्रवारी मला जे सांगितलं ते ह्यांच्या तोंडावर सांगा. मी छापतो.”

काकासाहेबांनी रामरावाकडं बघितलं, पाव्हण्यांच्या मनगटांकडं बघितलं. “अरे, बसा तर खरं. ह्याचा कायतरी गैरसमज...”

“भुजंग,” संपतनं दारातूनच हाक मारली. “इकडं ये. आज्ञा कुणी बदलली, कधी बदलली, मला सांगितलं व्हतं का. बोल.”

भुजंग आला. घाम पुसत त्यानं सगळं सांगितलं. ह्या वेळी ‘वगैरे’ म्हणाला न्हाई.

रामराव टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. “मला पान पाहिजे. आजच्या तारखेचं. काय झालं ते सगळं लिहिलेलं. आणि खाली तुमची सही, साहेब. ह्याची न्हाई, तुमची.”

पान तिथंच छापलं गेलं. ‘नव्या सीडीत तारखेचा क्रम कंपनीनं बदलला. तसं कळवलं न्हाई. जुनं पान नव्या सीडीसाठी चुकीचं हाय. ते पाळणाऱ्याचा दोष न्हाई.’ काकासाहेबांचा पेन सहीपाशी बराच वेळ अडकला. पाव्हण्यांपैकी एकानं खुर्ची जरा पुढं ओढली, तेव्हा तो चालला.

रामराव वाचला, पण आभाराचा एक शब्द त्यानं कधी धाडला न्हाई. संपतला नकोच होता. काकासाहेबांना संपतला काढायचं होतं, पण संपतनं ते पान त्याच सांजेला सगळीकडं धाडलं होतं, ते आता गावोगाव फायलींत लागलेलं होतं, आणि प्रत्येक कारखाना फोन करून आधी विचारायचा, पान कोण बघतंय? तो राह्यला, पगारवाढ मात्र गोठली. काकासाहेब त्याच्याशी भुजंगच्या मार्फत बोलायला लागले.

संपतनं पानाच्या तळाला एक ओळ वाढवली. बदल कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून केला, करून कुणी बघितला. ती ओळ रिकामी असली की पान जिना उतरायचं न्हाई. भुजंग कुरकुरायचा, बारक्या बारक्या गोष्टींना कशाला नावं.

“नाव टाकायला हात कापतो का?” संपत डोळे वटारून म्हणायचा. “मंग बदलू नको.”