काटा खोटा आहे, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि देवापुढे उभा राहून मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी तब्येत, नोकरी, मुलांचे मार्क एवढ्यावरच आटोपतं घेतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती, तर ही वेळच आली नसती.

सुहास माझा लहानपणापासूनचा मित्र. मुलुंडला आमची बिल्डिंग एक, शाळा एक, दोघांचेही वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. पुढे तो सरकारी कचेरीत चिकटला आणि मी एका छोट्या कारखान्यात फिटर झालो. यंत्र बिघडलं की हा सदा नुसता कान लावून सांगतो, अशी माझी ख्याती. खरं सांगू? निम्म्या वेळा तो अंदाज असायचा. पण अंदाज ठासून सांगितला की लोकांना ते ज्ञान वाटतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्याकडे कुणी स्कूटर घेतली तरी पेढे वाटायचे, आणि या पठ्ठ्याने आणली स्पोर्ट्स कार! विलायती, दोनच माणसांची, छत मागे दुमडणारी. पार्ल्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या आवारात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती. शाळेत असल्यापासून हा भूगोलाच्या तासाला असल्याच गाड्या काढत बसायचा. त्याची बायको मंगल हसून म्हणायची, "सवत आणलीय, तीही गोरी!" पण रविवारी फडकं घेऊन पुसायला तीच पुढे असायची.

गाडी पळायची झकास, फक्त तिच्या पोटात पाणी टिकत नव्हतं. इंजिन गार ठेवणारं पाणी — सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, संध्याकाळी बघावं तर खाली गेलेलं. आणि जमिनीवर एक थेंब नाही. मग जातं कुठे? एका रविवारी अख्खी बिल्डिंग गाडीभोवती जमली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाकलो, कान लावला, इथेतिथे बोट फिरवलं आणि चारचौघांत सांगून टाकलं — रेडिएटर गेलाय, पैज लावतो. सुहासने तो भांडुपला नेऊन आतली जाळी नवी बसवून आणली. पाणी तरीही जातच राहिलं.

मग एका संध्याकाळी मी एकटाच, इंजिन चांगलं तापवून, गाडीखाली आडवा झालो. तेव्हा दिसलं. इंजिनच्या कुशीला, सायलेन्सरच्या नळ्यांमागे, पत्र्याचं एक गोल बूच असतं, रुपयाएवढं. ते गंजलं होतं. गार असताना कोरडं ठणठणीत, तापलं की पाझरायचं, आणि पाझरलेलं पाणी तिथल्या तिथे गरम लोखंडावर वाळून जायचं. नळ्या खोलायच्या, बूच बदलायचं, परत बसवायचं. एका रविवारचं काम.

फक्त त्यासाठी म्हणावं लागलं असतं की रेडिएटर चांगला होता, मी चुकलो. त्यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही आता तसंच वाटतं. पण कारखान्यात मला कुत्रं विचारत नव्हतं हो — आणि त्या आवारात पोरंटोरंसुद्धा "सदाकाकांना विचारा" म्हणायची. ते सोडवेना. ठरवलं, कधीतरी दुसरं काही निमित्त काढून गुपचूप बूच बदलून टाकू. आणि तोवर?

तोवर हळद. जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात, ऐकलंय कधी? पूड जाऊन बारीक भोकात बसते आणि गळती थांबते. चार दिवसांचा इलाज. मंगलने घरातली हळद वाटीभर आणून दिली. "लागली बाई हळद, आता नीट नांद म्हणावं सवतीला," असं म्हणाली आणि आम्ही सगळे खो खो हसलो. गळती खरंच थांबली. मी कॉलर ताठ करून फिरलो, आणि बूच बदलायचं पुढच्या रविवारवर ढकललं. मग त्याच्या पुढच्या.

पण हळदीला काय कळतंय कुठलं भोक बुजवायचं नि कुठलं नाही? ती रेडिएटरच्या नव्याकोऱ्या जाळीतही जाऊन बसली. पाणी फिरेना. स्टिअरिंगपलीकडे तापमानाचा एक छोटा काटा होता, तो वर चढायला लागला. सुहास घाबरला. मी म्हटलं, काटाच तपासतो, आणि तो मीटर त्याच्या बारीक तांब्याच्या नळीसकट सोडवून घरी नेला. स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळलं, नळीचं टोक त्यात बुडवलं. काटा उठला आणि बरोबर जिथे जायला हवा तिथे जाऊन थांबला. पाणी निवलं, तसा तोही हळूहळू उतरला. बायको विचारत होती, हे काय चाललंय माझ्या पातेल्यात? मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

काटा सोळा आणे खरा होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी तो जागेवर बसवून सुहासला म्हणालो — काटा खोटा आहे. जुना माल, उगाच वर दाखवतो. लक्ष देऊ नकोस.

का म्हणालो? काटा खरा म्हटला की गाडी खरंच तापतेय, तापतेय म्हटलं की हळद धुऊन काढणं आलं, हळद काढली की परत गळती, आणि गळतीवरून परत रेडिएटर. एक टाका उसवला की सगळं उसवलं असतं. सुहासने सुटकेचा निःश्वास टाकला, माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं, की मला बरं वाटलं.

मे महिन्यातला रविवार होता. गोरेगावला जाऊन येऊ, सुहास म्हणाला, पवईवरून आरेच्या रस्त्याने, झाडीतून. मी शेजारी बसलो. पवई मागे पडली आणि काटा चढायला लागला. सुहास काहीतरी विनोद सांगत होता, मी काट्याकडे बघत होतो. बोलावं? आता? आणि काय बोलावं? आरेच्या चढावर इंजिन ठोके द्यायला लागलं, मग त्यातला जीवच गेला. एका तबेल्याजवळ गाडी थांबली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, नुसत्या म्हशी रवंथ करत होत्या.

पाणी कमी झालं असणार, असं म्हणत सुहासने बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकलं. तो काही खुळा नव्हता. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं, उकळतं पाणी अंगावर उसळतं, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून तर त्याने फडक्यावर हात ठेवून आधी माझ्याकडे पाहिलं.

"काटा पार टोकाला गेलाय रे. पण तो खोटाच ना?"

"हं," मी म्हणालो.

एवढंच. हं. आणि तबेल्याच्या नळावरून पाणी आणतो, असं सांगून डबा उचलून चालायला लागलो. पाणी तर हवंच होतं, पण मी निघालो तो तिथून सुटायला. काही होणारही नाही कदाचित, असं स्वतःशी म्हणत होतो. माझी पाठ त्याच्याकडे होती तेव्हा आधी मोठ्ठा फुत्कार ऐकू आला, आणि मग त्याचा आवाज. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. धावत गेलो तर तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रस्त्यात गुडघ्यावर बसला होता, आणि त्याचा पांढरा सदरा पिवळाधमक झाला होता.

दुधाच्या टेम्पोतून त्याला हॉस्पिटलात नेलं. चेहरा पुढे बराचसा भरून आला. डावा डोळा गेला.

त्यानंतर मी गाडीचं ते बूच बदललं. दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं. हे आत्ताच सापडलं, असं सगळ्यांना सांगितलं. गाडी मग विकली गेली.

सुहासने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. काटा खोटा आहे असं मी सांगितलं होतं, हे त्याच्या पक्कं लक्षात आहे. तो म्हणतो, तुझा अंदाज चुकला यार, माणूस आहे, चुकतो. म्हणजे मी चुकलो हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते त्यांनी कधीच माफ करून टाकलंय. मी खोटं बोललो, हे कुणाला ठाऊक नाही. आणि मंगल? ती आजही मानते की डोळा हळदीने गेला, तिने दिलेल्या हळदीने. माझ्यासमोर रडलीय ती. मी तिला पाण्याचा पेला दिला, वहिनी, मनाला लावून घेऊ नका म्हटलं, आणि गप्प बसलो. त्या एका "हं"पेक्षा हे गप्प बसणं वाईट. "हं" क्षणाचं होतं, हे मी वर्षानुवर्षं जाणूनबुजून करत आलोय.

परवा सुहास घरी आला होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या, पण त्याला भीती वाटते, एकच तर डोळा उरलाय. चहा घेता घेता म्हणाला, "तुला काय वाटतं रे, करू?"

मी म्हटलं, "माझं नको ऐकूस. डॉक्टरचं ऐक."

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतोस तर ऐकतो."