राजा आडवा करणार नाही

आमच्या गावचा सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, खाणीला द्यायचा घाट घातला होता, तेव्हा मी पत्रकं लिहायला शिकले. सगळे म्हणायचे, "आता काय उरलंय? सही कर नि मोकळी हो." सडा अजून आमचा आहे. तरी हा सूर मी पहिल्यांदा ऐकला तो मोर्चात नव्हे, रत्नागिरीत, बुद्धिबळाच्या पटावर.

देवरूखहून सकाळच्या एसटीने आम्ही शाळेतली मुलं जिल्हा स्पर्धेला जायचो. तिथल्या ज्येष्ठांची एक रीत होती. डाव जिंकत आला की मात करायची नाही. हात बांधून बसायचं आणि समोरच्याने राजा आडवा करून, हार मानून हात पुढे करायची वाट बघायची. न केला, तर तुम्ही असंस्कृत. पहिल्या वर्षी एका निवृत्त मास्तरांसमोर माझा हत्ती गेला. त्यांना सगळे काका म्हणत. काका घड्याळाकडे बघत म्हणाले, "कशाला गो ताणतेस? चांगल्या घरची दिसतेस." मी लाजले आणि डाव सोडला.

संध्याकाळी मांडवीला समुद्राच्या कठड्यावर बसून आमच्या शाळेच्या बाईंनी खिशात मावणाऱ्या छोट्या पटावर तीच स्थिती मांडली. माझा वजीर त्यांच्या राजाला शह देत राहिला असता आणि राजाला लपायला जागाच नव्हती. बरोबरी हातात होती.

"तू हरली नाहीस," बाई म्हणाल्या, "तू उठलीस."

चांगल्या घरची म्हणे! चांगल्या घरच्यांनी काय आपण होऊन हरायचं असतं?

त्या दिवशी मी ठरवलं, समोरच्याला विचारायला एकही प्रश्न, त्याला अडवणारी एकही चाल उरली नसेल तरच डाव सोडायचा. उरली असेल तर बसायचं. कुणाच्या तोंडाकडे बघून उठायचं नाही.

पुढच्या वर्षी शेवटच्या फेरीत समोर तेच काका. राज्य स्पर्धेला चौघे जाणार होते आणि चौथ्या जागेसाठी मला अर्धा गुण हवा होता. काकांची पहिली जागा आधीच पक्की होती. तीस चालींनंतर त्यांच्याकडे वजीर आणि पुढे सरकलेलं एक प्यादं, माझ्याकडे राजा आणि त्यांच्या राजासमोर अडकलेलं एक प्यादं. बघ्यांत कुणी कुजबुजलं, "काय ही हट्टी पोर!" पंच चहाचा कप घेऊन दोनदा डोकावून गेले.

"काय गो, अजून बसल्येस?"

"तुम्ही मात करा ना काका."

"मात कसली करायची? दिसतंय की सगळं."

"दिसतंय तर करा."

चारजण हसले. काकांचे कान लाल झाले. मला प्रश्न सापडला होता. राजा मी मुद्दाम कोपऱ्यात नेला. काका रीतीप्रमाणे मात करणार नाहीत, मला खिजवायला दुसरा वजीर करतील, याची मला जवळजवळ खात्री होती.

काकांनी प्यादं शेवटच्या घरात सरकवलं. शेजारच्या संपलेल्या पटावरून एक वजीर मागून घेतला आणि टक्कन ठेवला. "हे घे. आता तरी ऊठ!"

मी घड्याळ थांबवलं आणि पंचांना हाक मारली. माझी पाळी होती. राजाला शह नव्हता, पण सरकायला एक घरही नव्हतं. प्यादं अडकलेलं. नियमाने डाव बरोबरीत.

पंचांनी पट दोनदा बघितला. मग कप खाली ठेवून मान हलवली.

"डाव माझा होता," काका म्हणाले.

"होता, काका. संपवायचा राहिला."

फळ्यावर चौघांची यादी लागली, शेवटची ओळ माझी. बाईंनी माझ्या पाठीवर असा गुद्दा मारला की कळवळले. आजवर कित्येक पत्रकांखाली माझं नाव छापलं गेलं, पण खडूने लिहिलेल्या त्या ओळीने झाले तितकी ताठ मी कशानेच झाले नाही.

निघताना काका दारात चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "पुढल्या वेळी मात करीन हां. सरळ मात."

"करा," मी म्हटलं. "मी बसलेली असेन."