सुरुवातीच्या चर्चचा इतिहास शोधायला रायपूरला

आमची रेवा सहावीत आहे. एकदा जेवताना तिने विचारलं, "पप्पांच्या लोकांना रोममध्ये सिंहांपुढे टाकायचे, हे खरं आहे का? आणि नंतर त्यांनीच दुसऱ्यांची देवळं बंद केली, हेपण?" पहिलं तिला वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं, दुसरं कुठल्याशा व्हिडिओने. माझा नवरा जोएल चर्चला जाणाऱ्या घरातला, मी रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या घरातली. त्याने वरण वाढून घेतलं आणि म्हणाला, "आजीला विचार."

ऑनलाइन पुस्तकं पुष्कळ दिसली, पण आतलं पान दिसेल तर शपथ. नागपूरच्या दुकानांत एकतर गोष्टींची चित्रमय पुस्तकं मिळाली, नाहीतर पाद्री होणाऱ्यांनी वाचायचे ठोकळे. अकरा वर्षांच्या मुलीने वाचावं आणि कोणाची बाजू घेऊन लिहिलेलं नसावं, एवढीच माझी अट होती. रेवाने पुस्तकाचं आजीच्या कानावर घातलं, तसा रायपूरहून सासूबाईंचा फोन आला, "इकडंच ये ना तिले घेऊन. आमच्या चर्चजवळ पुस्तकांचं दुकान आहे." तसं आम्हा दोघींचं चांगलं जमतं. लोणच्यापासून लग्नांपर्यंत सगळ्यावर बोलतो, फक्त देवधर्मावर नाही. लग्नापासून तो विषय आम्ही दोघींनीही टाळला होता.

नागपूर ते रायपूर सकाळची गाडी धरा. दुपारच्या जेवणाला पोहोचता आणि डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ उजेडात बघायला मिळतं. थंडीत गेलात तर डब्यात शेंगांची टरफलं असणारच, त्याला इलाज नाही. समोरच्या काकूंनी रेवाला विचारलं, "रायपूरले काय घ्याले चालली?" "रोमचा इतिहास," रेवा म्हणाली. काकूंनी थोडा विचार केला. "मले वाटलं कोसा रेशमाची साडी."

सासूबाई चौबे कॉलनीत एकट्या राहतात. रेल्वेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला कोपऱ्यावरच्या गाडीवर चीला खायला नेलं. तांदळाच्या पिठाचं हे धिरडं टोमॅटोच्या चटणीबरोबर गरमच खायचं. दोनच मागवा, तिसरं आपोआप मागवलं जातं.

चर्चजवळचं दुकान छोटं पण नीटनेटकं आहे. काउंटरवरच्या मुलीशी सासूबाई मराठीत बोलत होत्या आणि ती हिंदीत उत्तरं देत होती. दोघींनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "बच्चों के लिए ये सबसे अच्छी है, दीदी," म्हणत तिने मला एक देखणं पुस्तक दिलं. घरांत लपून भरणाऱ्या सभा, पकडलेले लोक, सिंह, सगळं होतं. शेवटच्या पानावर रोमचा सम्राट स्वतः ख्रिस्ती झाला आणि सगळीकडे आनंद झाला.

"मग पुढे काय झालं?" रेवाने विचारलं.

"बुक यहीं खतम है," मुलगी म्हणाली.

सासूबाईंनी ते विकत घेतलं. मी पिशवी पुढे केली.

बाहेर फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात रेवाला एक पातळ पुस्तिका सापडली. त्या पुस्तिकेच्या मते सुरुवातीपासून सगळा ख्रिस्ती धर्मच लबाडीचा होता. रेवाने दोन पानं वाचली आणि विचारलं, "म्हणजे आजीपण?" सासूबाईंनी ती पुस्तिका तिच्या हातातून घेऊन ढिगावर परत ठेवली. मग जुन्या पुस्तकांसाठी शहराच्या जुन्या भागाकडे, पुरानी बस्तीकडे निघालो; ई-रिक्षात आम्ही तिघी शेजारी शेजारी बसलो, पण सासूबाई सगळा वेळ बाहेरच बघत होत्या. मला वाटलं, नसती उठाठेव केली. एका पुस्तकापायी चांगलं चाललेलं नातं बिघडवून बसले.

(ई-रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांत ती आत येत नाही, थोडं चालावं लागतं.)

देवळांच्या रांगेमागे जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथल्या भैयांनी शिडीवर चढून शाळकरी मुलांसाठी लिहिलेला चर्चचा एक जाड इंग्रजी इतिहास काढून दिला. येशूचा एक शिष्य केरळात आला होता का, यावर त्यात लिहिलं होतं की अशी जुनी परंपरा आहे, पण खात्रीचा पुरावा नाही. रोमने केलेला छळ होता. किती झाला आणि केव्हा केव्हा झाला, तेही होतं. आणि त्यापुढे आणखी एक प्रकरण होतं. सत्ता हाती आल्यावर जुनी देवळं कशी बंद झाली, ख्रिस्ती लोक आपसांत कसे भांडले, ते सगळं सरळ सांगितलं होतं.

मी पान उलटणार, तोच सासूबाईंनी चष्मा लावला आणि पुस्तक मागितलं. ते प्रकरण त्यांनी उभ्यानेच पूर्ण वाचलं. रेवा दाराशी मांजराशी खेळत होती.

"तुले हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग इतकी वर्षं बोलली काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलंच," त्या म्हणाल्या. पुस्तक मिटून त्यांनी थोडा वेळ छातीशी धरलं. "पण पोरीनं दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा हे बरं. याच्यात शिव्या नाहीत. जे झालं ते लिहिलं आहे." मग भैयांकडे वळून, "बांध दो. और दाम ठीक लगाना, टीचर हूँ."

त्या रात्री रेवा आजीच्या कुशीत बसून दोन्ही पुस्तकं आळीपाळीने वाचून घेत होती. सिंहांचं वाचताना आजीचा आवाज जड झाला. देवळांचं वाचतानाही झाला. एकदा रेवाने विचारलं, "असं का केलं त्यांनी?" आजीने पानावर बोट ठेवलं. "मले नाही सांगता येत, बेटा. चूक होती, एवढं सांगतो."

परत येऊन महिना झाला. असं पुस्तक शोधत असाल तर माझा अनुभव सांगते: सम्राट ख्रिस्ती झाल्यानंतरची पानं आधी उघडा. ती पानंच नसतील तर एका पुस्तकावर थांबू नका. आणि जमलं तर घरातल्या श्रद्धाळू माणसाला दुकानात बरोबर न्या. आपण त्यांना समजतो त्यापेक्षा ती माणसं खंबीर असतात. मला हे फार उशिरा कळलं.

परवा संध्याकाळी मी दिवा लावत असताना सासूबाईंचा फोन आला. नेहमीप्रमाणे मी म्हटलं, "पाच मिनिटांत फोन करते, आई."

"थांब," त्या म्हणाल्या. "रेवाचे प्रश्न झाले, आता माझा आहे. तू हा दिवा रोज लावतेस, तर मनात काय म्हणतेस? इतक्या वर्षांत मीही कधी विचारलं नाही."

मी देवापुढे पाटावर बसले आणि सांगायला सुरुवात केली.