आंघोळीनंतरची फुंकर

मुलांनो, "आईला खोलीत कोंडलं होतं" एवढंच, म्हणजे मला, तुमच्या आजीला कोंडल्याचं, सांगून तुमच्या आत्याने तुम्हाला फोनवर हसवलं म्हणे. अर्धीच गोष्ट तुमच्याकडे राहू नये, म्हणून आता सगळं नीट लिहिते.

आत्या बाळंतपणाला इथे पूर्ण्याला आली आणि बाळाला न्हाऊ घालायचं काम मी माझ्याकडे घेतलं. पाय पसरून बसायचं, पायांवर बाळ घ्यायचं, तेल चोळायचं, ऊन पाणी ओतायचं. शेवटी कानात-नाकात पाणी राहू नये म्हणून अगदी जवळून फुंकर मारायची. माझ्या सासूबाई मारायच्या. तुमच्या बाबांना मीही मारली.

खोकला मला आधीपासूनच होता. उबळ आली की श्वास पुरायचा नाही. दुकानातून गोळ्या आणून घेत होते. दूध घालणारी बाई एकदा दारात थबकली.

"काकू, लय खोकायलात बगा. आमच्या लेकराचा डांग्या आसाच व्हता."

"डांग्या खोकला लेकरांना होतो. मी सत्तरीची."

"मंग लेकरासारकं खोकू नका की!"

मी हसले. त्याच आठवड्यात बाळ दूध पिताना खोकलं, आणि आत्या आम्हा दोघांना घेऊन परभणीला डॉक्टरांकडे गेली.

बाळाला कोण हाताळतं, हे डॉक्टरांनी आधी विचारलं. फुंकरीचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, डांग्या मोठ्यांनाही होतो. लशीचा जोर कालांतराने ओसरतो. तुम्हाला नुसता त्रास होईल. एवढ्या बाळाचा श्वास थांबू शकतो. त्याची डांग्याची पहिली लस अजून व्हायची आहे."

नाकातून घशाच्या मागेपर्यंत बारीक काडी घालून दोघांचे नमुने घेतले, हैदराबादच्या लॅबला पाठवले. गोळ्यांनी जंतू मेले असतील तर काय सापडणार, असं मी विचारलं. "मेले तरी त्यांचा डीएनए काही दिवस मागे राहतो. तोच शोधतात," डॉक्टर म्हणाले. दोघांनाही औषध सुरू झालं आणि मी वेगळ्या खोलीत गेले.

भिंतीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं की बरं वाटायचं. ते गप्प झालं की मी उठून दाराशी जायची.

गल्लीतले लोक इंग्रजी रिपोर्ट माझ्याकडून वाचून घेतात. आमचा रिपोर्ट आत्याच्या मोबाइलवर आला, तो मात्र मला बघवेना. "तूच वाच," म्हणाले.

दाराबाहेरून ती म्हणाली, "बाळाचं सगळं निगेटिव्ह."

"आणि माझा?" मी आतून विचारलं.

"तुझाही डांग्या नाही. पण त्याच्या जवळचा दुसरा जंतू सापडलाय."

डॉक्टरांनी फोनवर समजावलं की हाही तसाच खोकला देतो, पण बहुतेक वेळा सौम्य असतो. औषध मात्र दोघांनी पूर्ण करायचं.

"बघ आई, तुला खोकलासुद्धा चुलत घराण्यातला!" असं म्हणून आत्या हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही दाराच्या अलीकडे तेच करत होते.

औषध संपल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर यायला परवानगी दिली. बाळाची पहिली लसही झाली. आता आंघोळ झाल्यावर मी त्याचे कान मऊ कापडाने टिपते. फुंकर बंद केली. बाळ ठणठणीत आहे. माझा खोकला अजून थोडा उरला आहे.