तिच्या झेंडूचं बी

मी शाळामास्तर. पोरं असोत की पत्ताकोबी, रांगेत उभी दिसली की मला बरं वाटतं. मेडशीच्या आमच्या घरामागे विहिरीच्या पाण्यावर चार वाफे भाजी होती. ती सगळी बायकोची. माझा अधिकार मोटार चालू-बंद करण्यापुरता, आणि तीही मी बंद करायला विसरायचो.

तिच्या वाफ्यात एक रांग धड नसायची. टमाट्याच्या दोन झाडांमध्ये झेंडू, वांग्याच्या बुडाशी सांबार म्हणजे कोथिंबीर, कोबीला चहूबाजूंनी मोहरी, आणि जागा मिळेल तिथे फुलावर आलेला शेपू. शेपू आमच्या घरात कोणी तोंडातही घेत नाही.

"हा शेपू कोनासाठी व?" मी विचारायचो.

"त्या लाल ठिपकेवाल्या किड्यायसाठी. येतात, झाडावरचा मावा खातात, चालले जातात. तुमच्यावानी चहा नाई मांगत."

मोहरीची पानं तर चाळणी झालेली असायची. ती उपटायला मी वाकलो की पाठीमागून आवाज यायचा, "खाऊ द्या तिले. अळ्या तिले खातात म्हनूनच कोबी साबूत हाय."

झेंडूवर मात्र तिचा खास जीव. लालसर, जवळजवळ कथ्थ्या रंगाचा, लहान फुलाचा. लग्नात अनसिंगहून, माहेरून, पदराच्या गाठीत बी बांधून आणलं होतं. दसऱ्याला मी मोटारसायकलच्या हारासाठी फुलं तोडायला गेलो की एका वाफ्यापुढे ती आडवी उभी राहायची. त्या वाफ्यातली फुलं झाडावरच वाळायची. दिवाळीनंतर ती काळी बोंडं बघून पाहुणे विचारत, मास्तर, पाणी देत नाही का?

त्या बोंडांतलं बी ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायची. गावातल्या बाया स्टीलच्या वाट्या देत, चाळण्या देत. आमच्याकडून झेंडूची पुडी, तीही माझ्या शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदात. कोणाच्या तरी चुकलेल्या भागाकारात गुंडाळलेलं वाण!

"लोकं म्हनतीन मास्तर कंजूस हाय."

"हाय त म्हनतीनच न."

बाया गेल्या की एक पुडी पदराखाली घेऊन ती गल्लीच्या टोकाला जायची. तिथल्या काकूंचे यजमान वारले होते, त्यामुळे त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं जात नसे. मी एकदा म्हटलं, "हे वाण तिकडे कसं चालीन?" तिने चप्पल घालता घालता माझ्याकडे पाहिलं. "बी पेराले कुंकू लागते का?"

मागच्या दिवाळीनंतर तिला अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं. पोट किती महिन्यांपासून दुखत होतं, ते तिने डॉक्टरला सांगितलं, मला नाही. मी बाजूलाच बसलो होतो. सतरा दिवस राहिलो. मधल्या दोन दिवसांसाठी पुण्याहून आलेल्या लेकीला तिच्याजवळ बसवलं आणि मी कपडे न्यायला एसटीने घरी आलो.

घरी आलो तर काय करावं ते सुचेना. घर नुसतं अंगावर येत होतं. मग मी मागे गेलो आणि वाफे साफ करायला घेतले. ती परत येईल तेव्हा सगळं नीट दिसायला हवं. चाळणी झालेली मोहरी उपटली. फुलावरचा शेपू उपटला. काळ्या बोंडांचे झेंडू मुळासकट ओढले. सगळ्याचा ढीग केला आणि काडी लावली. दोरी धरून कोबीच्या रांगा तपासल्या. इतकी मेहनत मी जन्मात केली नव्हती. अकोल्याला परतल्यावर तिला म्हणालो, "तू घरी ये त खरी, वाफे वळखू येनार नाई तुले." ती हसली.

घरी आणलं तेव्हा तिने खाट मागच्या दारात टाकायला लावली. मी उशी लावून दिली आणि शाबासकीची वाट बघत बाजूला उभा राहिलो. ती बराच वेळ बघत होती.

"झेंडू?" तिने विचारलं.

"वाळला होता. जाळला."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, दुखतंय. गोळी आणायला वळलो तर म्हणाली, "लय थकले असान तुमी. बसा."

बस. एवढंच बोलली. ती रागावली असती तर आज मला बरं पडलं असतं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत अळ्यांनी कोबी फस्त केली. मोहरी नव्हती, मग त्यांनी तरी कुठे जावं. मी रोज सकाळी वेचत बसायचो आणि ती खाटेवरून सांगायची, "पानाखालून पाहा न, मास्तर." संक्रांतीच्या चार दिवस आधी ती गेली.

तेरावं झाल्यावर लेकीने तिचा बियांचा डबा उघडला. वाल होते, दोडकी होती. झेंडूच्या खणात कागदही नव्हता. "बाबा, आईचा झेंडू कुठाय?" मी म्हणालो, असेल कुठंतरी. इतकी वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं.

जेठात, पेरणीच्या तोंडावर, मी घरोघरी फिरलो. इतक्या बायांना इतक्या वर्षांत वाण दिलेलं, एकीकडे तरी असेलच. एकीची पुडी देवाजवळ ठेवली होती, ती उंदरांनी नेली. एकीची रोपं बकरीने खाल्ली. एकीने शरमत सांगितलं, "खरं सांगू का भाऊ, आमाले वाटे मास्तरीनबाई गंमत करतात." शेवटी गल्लीच्या टोकाला गेलो. काकूंनी काही न विचारता फळीवरची बाटली काढली.

"दरसाल पेरते मी. पन मास्तर, छातीठोक नाई सांगत. शेजारी पिवळा झेंडू हाय, मधमाश्या तिकडूनही येतात. तिचंच असन की नाई, देवाले ठाव."

मी ओंजळ पुढे केली. त्यांनी बी ओतलं, आणि वर म्हणाल्या, "तिच्या हातचं वाण मलेही आलं होतं. आता माह्याकडून तुमाले."

औंदा दसऱ्याआधी पहिलं फूल उमललं. लाल आहे, पण कडेला पिवळी रेघ आहे. तिच्या फुलाला अशी रेघ नव्हती. नव्हती ना? इतकी वर्षं मी ती फुलं तोडून हार केले, आणि आता मला खात्री नाही. लेकीला फोनवर दाखवलं. "आईचाच!" ती म्हणाली आणि रडायला लागली. मी हो म्हणालो.

तिचं वर्ष सरलेलं नाही, त्यामुळे दाराला तोरण नव्हतंच. फूल एकही तोडलं नाही. कोबी लावली आहे, वाकडीतिकडी, आणि तिच्याभोवती मोहरी. मोहरीच्या पानांना भोकं पडायला लागली आहेत. सकाळी ती भोकं दिसली की मोहरी उपटायला हात शिवशिवतात. मी मोटार चालू करतो आणि पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभा राहतो.