रॉकेटच्या आधी ऐकू आलेला आवाज

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. मद्रासच्या गिंडी भागातल्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर मोजमापं तपासली... जे पट्टीवर येत नाही ते नाही, एवढं साधं. तरी हे लिहायला इतकी वर्षं धजलो नाही, हे कबूल करतो.

ऐंशीचं दशक, तेव्हाचं मद्रास. श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडणार होतं. थोरल्या भावाला, अण्णाला, फोटोचं खूळ. म्हणाला, "किनाऱ्यावरून सगळेच काढतात. आपण समुद्रातून काढू." निघताना वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, ह्यांना पोहता येत नाही. सांभाळा हं."

दुपारी चार. मनाई केलेल्या हद्दीबाहेर होडीवाल्या मुरुगेसननं होडी थांबवली, शीड गुंडाळलं, त्याची आडवी काठी दोरानं बांधली. अण्णा कॅमेरा घेऊन बसला. ज्वाळा आधी दिसते, आवाज मिनिटाभरानं पोचतो. त्या दणक्यानं हात हलू नये म्हणून सेकंद मोजायचं काम माझं.

आमचे बाबा जॉर्ज टाउनला धान्याच्या दुकानात मापारी होते. पहिल्या मापाला ते "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. आम्हा भावांना तीच खोड.

ज्वाळा दिसली. "लाभ, दोन, तीन..." मी मोठ्यानं मोजू लागलो. शटर कटकट वाजत होतं. मी "पंचावन्न" म्हटलं आणि अगदी कानामागून कुणीतरी म्हणालं, "पाच."

बाबांचा आवाज! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मागे वळून पाहिलं — नुसतं पाणी.

"छप्पन्न," सवयीनं तोंडातून गेलं.

"चार."

मी मोजायचं थांबवलं. "तीन." समोर पाहतो तर अण्णा चक्क उठून उभा! "दोन." शेवटी काय येणार ते कळलं आणि मी इतका घाबरलो की अण्णाचा शर्ट धरून त्याला खाली खेचलं.

"लाभ."

दोर तुटला. काठी अण्णाच्या डोक्यावरून सपकन गेली; उभा असता तर थेट समुद्रात. मग रॉकेटचा गडगडाट आला. मुरुगेसनला मराठीचं अक्षर येत नाही, पण तो माझ्यामागे बघत विचारत होता, "पिन्नाडि यारु सार?" मागे कोण आहे?

घरी सगळे म्हणाले, वडिलांनी राखलं. मीही तेच धरून बसलो, भीतीतही बरं वाटायचं. अण्णा मात्र हा विषय निघाला की उठून जायचा. बऱ्याच वर्षांनी मी वैतागून विचारलं, "छान बसला होतास की! उठलास कशाला मध्येच?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांनीच सांगितलं रे. म्हणाले, ऊठ, उभा रा."

होडीत आमच्यामागे कोण होतं, मला आजही माहीत नाही. बाबा नव्हते, एवढं कुणीतरी मला खात्रीनं सांगावं.