भाज्याची गोलकीपर आणि मी भाजलेली कणसं

कोल्हापूरचा माणूस गावाबाहेर पडला की तांबडा रस्सा आणि फुटबॉल याशिवाय तिसरा विषय काढत नाही. माझी भाची विद्या मावळातल्या भाजे गावाजवळच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तिचा फोन आला, "मामा, रविवारी आमची लोणावळ्याच्या शाळेशी मॅच आहे. तुम्ही यायचंच." मी निवृत्त माणूस, नाही कशाला म्हणू? शनिवारी लोणावळ्याला उतरलो. फलाटावरची सगळी माणसं चिक्कीच्या दिशेने गेली आणि मी उलट्या बाजूची गाडी पकडून पुढच्याच मळवली स्टेशनवर उतरलो.

मळवलीला धुकं एवढं होतं की विद्या समोर उभी असून मी तिला फोन लावला. तो तिच्या खिशात वाजला तेव्हा आमची भेट झाली.

स्कूटरवरून द्रुतगती मार्गाचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना हिरवीगार खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) आणि समोर लोहगडाचा फक्त पायथा. वरचा गड ढगात. शाळेच्या मैदानावर मुलंमुली एकत्र सराव करत होती. विद्या इथे आली तेव्हा तिने पहिले कितीतरी दिवस मुलांना नुसतं पळायला, वळायला आणि पडायला शिकवलं. बॉल दिलाच नाही. मुलं घरी जाऊन सांगायची, "आमच्या बाई बिनबॉलचा फुटबॉल शिकवत्यात." मग मुख्याध्यापकांनी रोज एक तास दिला, सरावानंतर उकडलेले हरभरे सुरू झाले आणि अखेर बॉलही आला.

गोलात एक उंच, काटक मुलगी उभी होती. ही आठवीतली सानिका.

"पुढच्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात निवडक मुलांचं शिबिर आहे," विद्या म्हणाली. "ते घेणारे सरच उद्या त्यांची टीम घेऊन येतायत. सानिकाला बघतील. पण उद्या रविवार."

"मग?"

"मामा, इथे पावसाळ्यात रविवार म्हणजे कणीस!"

सानिकाच्या आजोबांची, आबांची, भाजे लेण्यांच्या पायऱ्यांखाली कणसांची शेगडी होती. आईवडील सुट्टीच्या दिवशी बंगल्यांवर कामाला जायचे. आबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलेला. त्यामुळे शेगडी सानिकाकडे. उद्या तासाभरासाठी शेजारणीला बसवून ती येणार होती.

रविवारी दोन्ही संघ आले, रेफ्री मात्र पर्यटकांच्या गाड्यांत अडकला. विद्याने शिट्टी माझ्या गळ्यात घातली. "तुम्ही कोल्हापूरचे ना?"

आता कोल्हापूरच्या गॅलरीत बसलेला प्रत्येकजण रेफ्रीच असतो, हे खरं. पण तिथे पळावं लागत नाही आणि बॉल दिसतो. इथे अर्धं मैदान धुक्यात. मी आवाजाच्या अंदाजाने शिट्टी मारू लागलो. एकदा जोरात फाऊल दिला तर पडलेला मुलगा चिखल झटकत म्हणाला, "सर, मी माझा मीच घसरलो." पुढे पुढे मुलंच मला हळूच सांगू लागली, "सर, आता वाजवा."

उत्तरार्धात एक-एक अशी बरोबरी होती. लोणावळ्याच्या एका मुलाने लांबून सणसणीत बॉल मारला आणि त्याच वेळी धुक्यातून इरलं (पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात ते आच्छादन) घेतलेले आबा थेट गोलासमोर प्रकटले.

"सानिके, तास हून गेला, गिऱ्हाईक खोळंबलंय की गं!"

बॉल धप्पकन इरल्यावर आदळून चिखलात बसला. सगळे माझ्याकडे बघू लागले. असला प्रसंग मी कोल्हापुरातही पाहिला नव्हता.

"गोल होता!" लोणावळ्याचे सर ओरडले.

"बाहेरचा माणूस मध्ये आला की खेळ थांबतो. ड्रॉप बॉल!" विद्या ओरडली.

आबांनी मला शांतपणे विचारलं, "पावनं, मी नसतो तर बॉल आत गेला आसता का?"

"गेला असता."

"मग द्या की त्यास्नी गोल."

"आबा!" सानिका कळवळून म्हणाली, "मी उभी व्हते न्हवं हितं? मी धरला आसता!"

आबांनी नातीकडे नीट पाहिलं. बहुधा हातमोज्यांतली सानिका ते प्रथमच पाहत होते. "धरला आसतास?"

"व्हय."

"मग पावनं, त्या पोराला परत मारू द्या. बगू तरी."

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. पण मला नियमच माहीत नव्हते. मी बॉल पुन्हा तिथेच ठेवला. विद्याने कपाळाला हात लावला. मुलाने पहिल्यापेक्षा जोरात मारला. सानिकाने आडवी झेप घेतली आणि बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर ढकलला.

"आगं माझी बाय!" आबा नाचायचेच बाकी राहिले. सानिका वळून त्यांच्याकडे बघत हसली, आणि तेवढ्यात लोणावळ्याच्या पोरांनी कॉर्नर घेऊन गोल मारला. आम्ही हरलो.

"मुलगी चांगली आहे," सर नंतर म्हणाले, "पण गप्प उभी राहते. कीपरनं ओरडायला पाहिजे. शिबिराला पाठवा."

आबांचा चेहरा उतरला. "शनवार-रविवार? न्हाई जमायचं, सर. लय वाटतं, पर शेगडी कोन बगंल?"

 सानिका नळाखाली हातमोजे धूत राहिली. स्वच्छ झाले तरी धूतच राहिली. मला ते बघवेना.

"मी बसतो शेगडीपाशी," मी म्हणालो.

म्हणून माझा मुक्काम आठवडाभर वाढला. शनिवारी सानिका शिबिराला गेली आणि मी पंखा हातात घेतला. आबा धूर लागणार नाही अशा बाजूला स्टूल टाकून बसले. "पावनं, कनीस भाजायचंय, जाळायचं न्हाई," हे त्यांनी कितीदा सांगितलं त्याला सुमार नाही. एका गृहस्थांच्या कणसाला मी कोल्हापूरच्या हिशेबाने तिखट लावलं. ते डोळे पुसत पाण्याच्या बाटलीवर बाटली घेऊ लागले. पाणीही आमच्याकडेच विकायला होतं. आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सगळ्यास्नी आसंच लावा."

रविवारी संध्याकाळी सानिका परतली. तिच्या तोंडून आवाजच फुटेना. आबा घाबरले. "घशाला काय झालं गं?"

"आबा," ती कुजबुजली, "दोन दिवस वरडायलाच शिकवलं. दर म्हैन्याला बोलावलंय."

आबांनी एकदा शेगडीकडे, एकदा माझ्या काळवंडलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. "तिखट किती लावायचं ते शेजारनीला शिकवून जावा," एवढंच म्हणाले.

कोल्हापूरला परत आल्यावर शेजारी विचारू लागले, लेणी कशी होती? काय सांगणार! दोन दिवस पायऱ्यांखाली बसलो, पण एक पायरी चढलो नाही.

परवा नेहमीसारखा मॅचला गेलो. गोलकीपरने सुरेख झेप घेतली, सगळी गॅलरी उठून उभी राहिली. मी मात्र बसूनच होतो. मनात आलं, हा इथे उभा आहे, तर याच्या घरची शेगडी आत्ता कोण सांभाळत असेल? मग उठलो आणि त्या न दिसणाऱ्या माणसासाठीही दोन टाळ्या जास्त वाजवल्या.